नातेवाइकाची खुर्ची

कुडाळ, ता. ९ नोव्हेंबर २०२५

अक्का,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुला कळलं असंल कुणाचं हाय. फाडू नको. आधी वाच, मग फाड. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला आता दोन वर्षं होतील. दुसऱ्या कुणाच्या नंबरवरून मी तुला फोन केला न्हाई, करणार बी न्हाई. नांदेडच्या खोलीचा पत्ता मायनं दिला. तिला बोलू नको, मी लई मागं लागलो तवा दिला तिनं.

माय म्हणली, दिवाळीच्या आधी तू नांदेडात एका दवाखान्यात मुलाखतीला गेलतीस. औषधपाण्याचं सगळं फटाफट सांगितलंस अन् पेशंटशी बोलायचे प्रश्न आले तवा गप बसलीस. "पाणी पिली अन् उठून आली बग," असं म्हणली माय. आता सत्तावीस तारखेला लातूरला दुसरी मुलाखत हाय म्हणं. ती नीट व्हावी म्हणून लिहायलोय. दुसरं काही कारण न्हाई.

तू म्हणशील, आठवी नापास माणूस डॉक्टरला काय शिकवतो. तर ऐक. भोसरी सोडली, मग सुरतला साड्यांच्या घड्या घातल्या, मग गोव्यात हॉटेलात भांडे घासले. तिथून मालकाशी भांडून निघालो अन् इथं कुडाळला उतरलो. इथं एक नवा दवाखाना झालाय, त्यात शिपाई हाय. पाच महिने झाले. एका जागी एवढं मी शाळेत बी टिकलो न्हाई.

दवाखाना नवा म्हणून दर आठवड्याला डॉक्टर लोकांच्या मुलाखती असतात. माझं काम म्हणजे नाव पुकारायचं, पाणी ठेवायचं, दार लावायचं. एके दिवशी आमचे मोठे डॉक्टर म्हणले, "संगमेश्वर, तू बस रे त्या खुर्चीवर. तू नातेवाईक." मी बसलो. समोर मुलाखतीला आलेला डॉक्टर. त्याला म्हणले, "ह्याचे वडील आयसीयूत आहेत. वाचायची आशा कमी आहे. ह्याला मराठीत समजावून सांगा."

तवापासून ती खुर्ची माझीच हाय. आतापर्यंत एकवीस डॉक्टरांनी मला सांगितलं की तुझा बाप मरायलाय. अक्का, खोटं न्हाई सांगत, ह्या गावात माझ्याशी सगळ्यात जास्त वेळ कुणी बोलत असंल तर तेच लोक.

जे प्रश्न सगळ्यांना विचारतात ते लिहून पाठवतो. नातेवाईक चिडून अंगावर आला तर काय बोलाल. पेशंटला तुमचं बोलणं समजलं हे कशावरून ओळखाल. भाषा येत न्हाई अशा माणसाला कसं सांगाल. वाईट बातमी कशी द्याल. अन् शेवटी एक असतोच, तुमचं बोलणं कमी पडलं असा एखादा प्रसंग सांगा. ह्या शेवटच्या प्रश्नाला निम्मे लोक थापा मारतात.

उत्तर नको लिहूस. पोचलं का ते मी पोस्टात विचारून घेईन.

संगा


कुडाळ, ता. १४ नोव्हेंबर

अक्का,

पत्र तुला मिळालं म्हणं. पोस्टातल्या माणसानं मोबाइलवर दाखवलं. परत आलं न्हाई म्हणजे तू घेतलंस. फाडलंस का न्हाई ते त्या मोबाइलवर दिसत न्हाई.

आजवर खुर्चीवर बसून काय काय बघितलं ते सांगतो. मुंबईचा एक डॉक्टर आलता. लई गोरा, बूट चकचकीत. मला म्हणला, "वडिलांचं मल्टिऑर्गन फेल्युअर आहे, प्रोग्नोसिस गार्डेड आहे, तुम्हाला कळतंय ना?" मी मान हलवली. मोठ्या डॉक्टरनी विचारलं, "संगमेश्वर, काय कळलं?"

"काई न्हाई, साहेब."

"मग मान कशाला हलवलीस?"

"साहेब एवढं बोलायलेत, बरं दिसत न्हाई म्हणून."

सगळे हसले. शिल्पा मॅडम, म्हणजे ज्या नोकरीवर घेतात त्या, त्या बी हसल्या. त्या डॉक्टरला घेतलं न्हाई. मला वाईट वाटलं, त्याचं नुकसान माझ्या मानेनं झालं. पण अक्का, तूच सांग, आपल्याकडं डॉक्टरसमोर कळलं न्हाई असं म्हणायची टाप हाय का कुणाची? आबा तर चष्म्याच्या डॉक्टरला बी हाव साहेब, हाव साहेब करायचे, अन् बाहेर आल्यावर मला विचारायचे, "काय म्हणला रे तो?" तवा तू लातूरला सांग की, कळलं का असं विचारून भागत न्हाई. तुम्ही घरी जाऊन बायकोला काय सांगाल ते मला सांगून दाखवा, असं म्हणायचं. हे मी सांगत न्हाई, मोठे डॉक्टर सांगतात.

दुसरी एक आलती, तुझ्याएवढीच. बुटकी, आवाज बारीक. तिनं आधी खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली. मग म्हणली, "दादा, तुम्हाला आतापर्यंत कुणी काय काय सांगितलंय?" मी म्हणलो, "काईच न्हाई." मग म्हणली, "सोबत कोण हाय तुमच्या?" मी म्हणलो, "कुणी न्हाई." ते मुलाखतीतलं म्हणून बोललो का खरंच बोललो ते मला बी कळलं न्हाई. मग तिनं सांगितलं. साधं सांगितलं. सांगून झाल्यावर गप बसली. लई वेळ. मी छताकडं बघत बसलो. तिला घेतलं.

म्हणून गप बसणं वाईट नसतंय, अक्का. सांगून झाल्यावरचं गप बसणं त्यांना आवडतंय. सांगायच्या आधीचं न्हाई.

नांदेडात तू कोणत्या प्रश्नाला गप बसलीस ते मायला सांगता आलं न्हाई. ती म्हणते, "कायतरी चुकल्याचं विचारलं म्हणं." मला वाटतंय मला ठाऊक हाय.

इथं थंडी न्हाईच. ज्वारी मिळत न्हाई. माणसं चांगली हायेत, पण माझं बोलणं ऐकून हसतात, मी त्यांचं ऐकून हसतो, अन् मग दोघं बी आपापल्या वाटेनं जातो. सोडून जावं असं रोज वाटतंय. कुठं जावं ते सुचत न्हाई.

संगा


कुडाळ, ता. १९ नोव्हेंबर

अक्का,

हे पत्र बसून वाच.

काल सांगलीकडचा एक डॉक्टर आलता. वयानं मोठा, केस पिकलेले. मी खुर्चीवर. तो शांतपणे म्हणला, "तुमच्या वडिलांची तब्येत नाजूक आहे. पण ते शुद्धीवर आहेत. तुमचं नाव घेतायत. लगेच आत चला, भेटून घ्या."

मी उठून उभा राह्यलो. म्हणलो, "खोटं बोलायलाव तुम्ही. माझा बाप मेलाय."

शिल्पा मॅडमचा पेन थांबला. मोठे डॉक्टर म्हणले, "संगमेश्वर, असं का वाटलं तुला?"

मी म्हणलो, "आमच्याकडं मेल्यावर असंच सांगतात."

मग ते त्या सांगलीवाल्याला म्हणले, "आता ह्याला पटवा." तो काय बोलला ते मी ऐकलं न्हाई. मी दार उघडून बाहेर गेलो अन् ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवतात त्या शेडमागं जाऊन बसलो. आज सकाळी मॅडमनी बोलवलं. वाटलं काढून टाकतील. त्यांनी चहा दिला.

आता जे लिहायचंय ते लिहितो. मलप्पा मामा उदगीरला वारले तवा मी सतरा वर्षांचा. मला फोन आला, "मामा तुझी आठवण काढायलेत, लवकर ये." मी वाटेत देवाला नारळ कबूल केला, मामाला आवडतात म्हणून पेढे घेतले. गल्लीत शिरलो तर माणसं मामाला माती देऊन परत यायलेली. पेढ्याचा पुडा हातात. एक बाई म्हणली, "आण ते इकडं, लेकरं खातील." त्या दिवशी मी ठरवलं की फोनवर कुणी जिता हाय म्हणलं की समजायचं गेला. आपल्याकडं फोनवर गेला असं कुणी म्हणत न्हाई. माणूस वाटेत असतो, गाडीत असतो, धसका घेईल म्हणून. सगळ्यांना ठाऊक असतंय, अन् सगळे तसंच करतात.

मग तुझा फोन आला. मी भोसरीत होतो, कंपनीत, सकाळचे अकरा वाजलेले. तू दवाखान्याच्या जिन्यात उभी होतीस, माणसांचा वर-खाली जायचा आवाज येत होता. तू म्हणलीस, "संगा, आबा जिते हायेत. बोलायलेत. तुझं नाव घेतलं. आत्ताच्या आत्ता निघ, रातच्याला पोचशील."

हे तुझे शब्द. एक अक्षर कमी न्हाई, एक जास्त न्हाई. दोन वर्षं मी ते रोज म्हणतोय. तू आबा गेले असं म्हणली न्हाईस.

मी ऐकलं अन् समजलो, बाप गेला. आता पळून काय उपयोग. चाकणला आपल्या भावकीतला वीरेश कामाला, त्याला फोन केला. म्हणलो, "अक्काचा फोन आला. आबा गेले." तो म्हणला, "मी काकांना कळवतो, आपण दोघं सोबत जाऊ, असल्या वेळी एकट्यानं जाऊ नये." मी त्याची वाट बघत चाकणच्या चौकात बसलो. त्याला सुट्टी संध्याकाळी मिळाली. मला एस्टी मिळत होती, अक्का. लातूर लिहिलेली एक माझ्यासमोरून गेली. मी तिच्यातले लोक मोजत बसलो.

अन् तिकडं लातूरला आपल्या रेणापूरहून दोन जीपा भरून भावकी आली. दवाखान्याच्या फाटकापासून बायका रडत आल्या. आबा आत शुद्धीवर. मायनं मला नंतर सांगितलं, बाहेरचं रडणं ऐकून आबांनी विचारलं, "कोण गेलं गं?"

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ते गेले. मी रातभर गाड्या बदलत दहाला पोचलो.

दहाव्याला शेषेराव काका सगळ्यांसमोर तुला म्हणले, "डॉक्टर झालीस अन् जिता-मेला कळंना व्हय? मला सिरीयस म्हणतीस, त्याला गेले म्हणतीस!" तू म्हणलीस, "मी असं म्हणले न्हाई." अन् माझ्याकडं वळलीस. "संगा, तू सांग. मी काय म्हणले होते?"

मी म्हणलो, "तसंच म्हणलीस."

का म्हणलो ते सांगता येत न्हाई. सगळे माझ्याकडं बघत होते. चाकणच्या चौकात आठ तास बसलो होतो हे मला तिथं सांगवेना.

फोन केलास तवा तू दोन दिवस झोपली नव्हतीस. तू माझ्याकडं बघितलंस, अन् मला दिसलं की तुला स्वतःचाच इश्वास वाटंना. माय सांगती, अजून बी तू कधीकधी म्हणतीस, "मीच म्हणले असंल गं, थकलेली होते." न्हाई म्हणलीस. तू बरोबर बोललीस. डॉक्टरनं जसं बोलाय पाहिजे तसं बोललीस. मी खुर्चीवर बावीस जण ऐकलेत, त्यात तुझ्याएवढं सरळ कुणी सांगितलं न्हाई.

लातूरला त्यांनी तो प्रश्न विचारला तर हे सांग. भावाचं नाव घालून सांग. खोटारडा म्हण, चालंल.

संगा


कुडाळ, ता. २३ नोव्हेंबर

अक्का,

आज रविवार, मला सुट्टी. काकांना फोन लावला. नुसतं तुला लिहून भागत न्हाई, हे मला चार दिवसांनी कळलं.

"काका, संगा बोलतोय."

"कोणता संगा? पुण्याचा, सुरतचा का गोव्याचा?"

"तुमचाच, काका."

"बोल. मुंडकं फोडून घेतलंस का कुठं?"

मी सांगितलं. जसं तुला लिहिलं तसंच. त्यांनी सगळं ऐकलं. झाल्यावर म्हणले, "दोन वर्षं ती पोरगी गावी आली की माझ्या दारापुढून मान खाली घालून जाती. अन् मी बघतो."

मग म्हणले, "हे माझ्या एकट्याच्या कानात सांगून काय करू? तिला बोललो ते चार माणसांत बोललो. तू बी चार माणसांत बोल. थांब." फोन घेऊन चालत गेल्याचा आवाज आला. मग म्हणले, "स्पीकर लावलाय. किराणाच्या दुकानापुढं हाव. भावकीतली सातआठ माणसं हायेत. आता बोल."

पहिल्यांदा सांगणं सोपं होतं, अक्का. दुसऱ्यांदा न्हाई. ते सगळे ऐकायलेत अन् त्यांची तोंडं मला दिसत न्हाईत. मी म्हणलो, "साक्षी अक्का आबा जिते हायेत असंच म्हणली होती. गेले असं मी म्हणलो, वीरेशला. दहाव्याला मी खोटं बोललो." एवढंच म्हणलो. कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला. एक म्हातारी म्हणली, "अगं बाई, मग आम्ही उगीच त्या पोरीला..." अन् तिला कुणीतरी गप केलं.

काका शेवटी म्हणले, "तुझं तोंड बघायची इच्छा न्हाई. पण बोललास ते बरं केलंस." अन् ठेवला.

वीरेशला बी सांगितलं. त्यानं मला दिलेली शिवी लिहित न्हाई, तू बाई माणूस.

हे पत्र मुलाखतीच्या आधी पोचतंय का न्हाई ठाऊक न्हाई. पोचलं तर एवढं ध्यानात ठेव, गावात आता तुझं नाव साफ हाय.

संगा


कुडाळ, ता. ८ डिसेंबर

अक्का,

तुझं पत्र परवा आलं. इथं आल्यापासून मला कुणाचंच पत्र आलं न्हाई, म्हणून पोस्टमन बी दोनदा नाव वाचून बघायलता. मी ते जिन्यात उभा राहून वाचलं, मग खोलीवर जाऊन वाचलं, आज सकाळी परत.

नोकरी लागली हे मायनं आधीच सांगितलं होतं. एक जानेवारीपासून लातूर. मी शिल्पा मॅडमना सांगितलं तर म्हणल्या, "मग पेढे कुठायत?" मी आणले. सगळ्यांना दिले. ज्यांच्याशी कधी बोललो न्हाई त्यांना बी दिले.

तू लिहिलंस की त्यांनी तोच प्रश्न विचारला अन् तू सगळं सांगितलंस, पण माझं नाव घातलं न्हाईस. घालायचं होतंस. अन् त्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टर बाईनं विचारलं, मग आता तुम्ही काय वेगळं कराल. तवा तू म्हणलीस, मी आता फोन पेशंटच्या हातात देते, माझ्यावर इश्वास नसंल तर त्याचा आवाज ऐका. त्याच्यावर तुला घेतलं.

अक्का, त्याच्या खाली तू जे लिहिलंस ते मी नीट वाचलं. आबा त्या दिवशी म्हणत होते, "फोन दे इकडं, मी बोलतो पोराशी." अन् तू म्हणलीस, बोलू नका, दम लागंल, तो निघालाय, येतोय. तू डॉक्टर म्हणून न्हाई म्हणलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी परत मागितला, तवा बी तू दिला न्हाईस.

मी पहिल्यांदा वाचलं तवा मला तुझा लई राग आला. खरं लिहितो. हातातला गिलास भिंतीवर मारला, स्टीलचा होता, काही झालं न्हाई. आबांचा आवाज ऐकला असता तर मी त्या लातूरच्या एस्टीत उडी मारून बसलो असतो. हा विचार आता जाणार न्हाई. तू लिहिलंस की तू बी हाच विचार घेऊन झोपतीस. मग तुला मी काय बोलू. तू मला माफ केलंस असं लिहिलं न्हाईस, मी बी लिहित न्हाई. आपण दोघं तेवढे सारखे.

जानेवारीत लातूरला यीन म्हणतो. तू ये म्हणलीस तर. काका तोंड बघणार न्हाईत, न बघू देत. मोठ्या डॉक्टरना सुट्टी मागितली, ते म्हणले, "जा, पण परत ये, ती खुर्ची रिकामी ठेवतो." असं मला आजवर कुठल्याच मालकानं म्हणलं न्हाई.

पण त्याच्या आधी एक काम कर. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन मागताना आबा काहीतरी म्हणले, पोराला सांग असं म्हणून, असं तू लिहिलंस, अन् पुढं ओळ सोडून दिलीस. ती ओळ पुरी कर. भेटल्यावर सांगते म्हणू नको, भेटल्यावर तू मला रडताना बघशील अन् गोड करून सांगशील. तू डॉक्टर हायेस, तुला आता येतंय ते. मला तसं नको. आबा ज्या शब्दांत म्हणले त्याच शब्दांत लिही. शिवी दिली असंल तर शिवीच लिही.

तुझा,
संगा